कारणाचा रकाना

१८९३ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'चा अहवाल मराठीच्या अभ्यासकांकडून फारसा वाचला जात नाही. गांजा, भांग आणि चरस यांची लागवड, व्यापार आणि परिणाम यांची चौकशी करणाऱ्या या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये आपला सात खंडांचा अहवाल सादर केला. त्यातील एक प्रकरण मात्र वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे असे आहे. हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १८९२ साली दाखल झालेल्या रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे, वेडाच्या कारणाच्या रकान्यात, गांजा-भांग असे लिहिलेले होते. आयोगाने ही नोंद जशीच्या तशी स्वीकारली नाही. एकेका रुग्णाच्या गावी, नातेवाइकांकडे पुन्हा चौकशी करविली. तेव्हा २२२ पैकी जेमतेम ९८ जणांच्या बाबतीत हे कारण टिकले, आणि त्यांतही कित्येकांच्या बाबतीत दुसरी कारणे सोबत होतीच.

मग उरलेल्यांच्या नावापुढे गांजा लिहिला कोणी? उत्तर साधे होते. रुग्णाला इस्पितळात आणून सोडणाऱ्या पोलिसाने रकाना भरायचा म्हणून भरला, आणि इस्पितळाच्या कारकुनाने तो नोंदवहीत उतरवून घेतला. रकाना रिकामा ठेवणे सरकारी शिस्तीत बसत नव्हते. त्या नोंदींची वार्षिक कोष्टके झाली आणि कोष्टकांचे शास्त्र झाले. 'गांजाने वेड लागते' हे विधान सर्वस्वी खोटे होते असे नव्हे. पण ते ज्या पुराव्यावर उभे होते, तो पुरावा एका पोलीस शिपायाच्या कंटाळ्यातून निर्माण झाला होता.

सव्वाशे वर्षांनंतर आमच्या खान्देशात हा रकाना नेमका उलट्या रीतीने बिघडलेला दिसतो. तेव्हा न विचारता एक कारण लिहिले जाई. आज तेच कारण सोडून बाकी सर्व लिहिले जाते. वसतिगृहातून परतलेला मुलगा चार रात्री झोपत नाही, घराबाहेर कोणी पाळत ठेवून आहे असे म्हणतो, मोबाइलमधून आपले बोलणे कोणी ऐकते आहे म्हणून तो फोडून टाकतो. घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण. शेजारी म्हणतात, प्रेमभंग. आजी म्हणते, बाहेरचे काही आहे. त्याने काही घेतले होते का, हा प्रश्न कोणाच्या ओठी येत नाही. आला तरी तो आरोपाच्या सुरात येतो, आणि मग उत्तर मिळत नाही. हा प्रश्न का विचारला जात नाही, याचे एक कारण आमच्या मते भाषेत आहे आणि एक इतिहासात. प्रस्तुत लेख या दोहोंविषयी आहे.

आधी इतिहास. चाळीसगावहून दक्षिणेला कन्नडकडे चढणाऱ्या घाटाला जुने लोक आजही औट्रम घाट म्हणतात. जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी. १८२५ मध्ये त्याने खान्देशात भिल्ल पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडून खान्देश कंपनीकडे आला तेव्हा या प्रदेशाचे महत्त्व जेवढे त्याच्या काळ्या जमिनीत होते, तेवढेच त्याच्या वाटांत होते. माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात, अफू पिकत असे. सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक असा मुंबईस जाणारा आग्रा रस्ता खान्देशाच्या छातीवरून जात होता. माळव्याची अफू आपल्याच हाती राहावी म्हणून कंपनीने १८२० च्या दशकात खरेदीचे, नाकेबंदीचे, करारांचे सारे उपाय करून पाहिले. माल दमणच्या पोर्तुगीज बंदरातून निसटतच राहिला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने हार मानली आणि पेटीमागे कर घेऊन परवाना देण्याची पद्धत सुरू केली. चीनला जाणारी ही अफू १९१३ पर्यंत चालू होती. मुंबईच्या किती वाड्यांचे, गिरण्यांचे आणि धर्मादाय संस्थांचे मूळ भांडवल या व्यापारातून आले, हे आता इतिहासकार उघडपणे लिहितात. असो.

अफूचे काय किंवा गांजाचे काय, त्यांना एक शेत होते. शेजारचे खंडवे हे मध्यप्रांतातील परवान्याच्या गांजा-लागवडीचे केंद्र होते. आजही शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीतील गांजाच्या शेतांवर पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्या येत असतात. शेत असले की हंगाम असतो, वास असतो, आणि त्या वस्तूविषयी गावाचे एक जुने, बरेवाईट ज्ञान असते. शिवरात्रीची भांग कोणाला सोसते आणि कोणाला नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असे. हे ज्ञान निर्दोष होते असा आमचा दावा नाही. तान्ह्या मुलाला झोपविण्यासाठी अफूची बाळगोळी देणाऱ्या समाजाला तसा दावा करताही येणार नाही. पण ते ज्ञान होते. प्रयोगशाळेत जन्मलेल्या पदार्थांना शेत नाही, हंगाम नाही आणि आजीही नाही.

हे पदार्थ नशेसाठी जन्मले नाहीत, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. अँफेटामाइन १८८७ मध्ये बर्लिनमध्ये लाझार एडेलेआनू या रोमानियन रसायनशास्त्रज्ञाने बनविले, आणि पुढची चाळीस वर्षे त्याचे काय करावे हे कोणाला कळले नाही. मेथॅक्वालोन, ज्याच्या मँड्रॅक्स गोळ्यांनी १९७०-८० च्या दशकांत मुंबई ते दक्षिण आफ्रिका असा चोरटा व्यापार पोसला, ते १९५१ मध्ये आपल्या हैदराबादेत मलेरियावरील औषध शोधताना हाती आले. आणि केटामाइन १९६२ मध्ये अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काल्विन स्टीव्हन्स यांनी तयार केले. या केटामाइनची कथा जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण ती फिरत फिरत जळगावच्या औद्योगिक वसाहतीत येऊन पोहोचते.

केटामाइनच्या आधी फेन्सायक्लिडीन नावाचे भुलीचे औषध होते. त्याने शस्त्रक्रिया निर्वेध होई, पण रुग्ण शुद्धीवर येताना भ्रमिष्टासारखे बरळत, हातपाय झाडत. त्याचे सौम्य भावंड म्हणून केटामाइन आले. १९६४ मध्ये मिशिगनमधील तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर त्याची पहिली चाचणी झाली. औषध दिलेल्यांचे डोळे उघडे असत, श्वास चालू असे, पण आपण आपल्या देहात नाही, कुठेतरी अधांतरी आहोत, असे ते सांगत. या अवस्थेला काय म्हणावे, असा प्रश्न डॉ. एडवर्ड डोमिनो यांना पडला. स्वप्नवत म्हणावे तर कंपनीला ते आवडेना. रुग्ण परिसरापासून जणू तुटलेला असतो, हे ऐकून त्यांच्या पत्नीने 'डिसोसिएटिव्ह' हा शब्द सुचविला. विलग करणारी भूल. एका गृहिणीने घरातल्या संभाषणात दिलेला हा शब्द आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे, आणि या औषधाचे गुण-दोष त्या एका शब्दात सामावले आहेत.

गुण मोठे आहेत. केटामाइनने सहसा श्वास दडपला जात नाही, रक्तदाब कोसळत नाही. म्हणून जेथे मोठी यंत्रे नाहीत तेथे, व्हिएतनामच्या युद्धभूमीवर किंवा आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात, ते वरदान ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. दोष त्याच गुणांच्या पाठीशी आहेत. १९९४ मध्ये येल विद्यापीठात जॉन क्रिस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना भूल पडणार नाही इतक्या थोड्या प्रमाणात केटामाइन दिले, तेव्हा त्या धडधाकट माणसांत काही काळ संशय, विचारांची विस्कळीतता, भावनांची बधिरता अशी स्किझोफ्रेनियाशी मिळतीजुळती लक्षणे दिसली. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांची लक्षणे ओसरली. जे वर्षानुवर्षे स्वतःवर प्रयोग करीत राहतात, त्यांची स्मृती आणि त्यांचे मूत्राशय दोन्ही झिजतात. मूत्राशयाचा हा विकार २००७ मध्ये कॅनडा आणि हाँगकाँगमधील डॉक्टरांनी प्रथम मांडला: अस्तर सोलवटते, लघवीतून रक्त जाते, पिशवी आकसत जाते आणि विशीतल्या तरुणाला दर अर्ध्या तासाने उठावे लागते. काहींचे मूत्राशय शस्त्रक्रियेने काढावे लागले. वेदना शमविण्यासाठी तो पुन्हा केटामाइनच घेतो, हे या दुष्टचक्राचे सर्वांत क्रूर अंग.

भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये केटामाइन अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले. त्यानंतर तीन वर्षे व्हायच्या आत, डिसेंबर २०१३ मध्ये, महसूल गुप्तचर संचालनालयाने जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घातला आणि हजार किलोहून अधिक केटामाइन जप्त केले. किंमत शंभर कोटींच्या वर सांगितली गेली. वर्तमानपत्रांनी या कोटींचाच घोष केला. आम्हांला दुसरा हिशोब अधिक बोलका वाटतो. एका प्रौढ रुग्णाला भूल देण्यास साधारण शंभर मिलिग्रॅम केटामाइन पुरते. म्हणजे हजार किलोत एक कोटी शस्त्रक्रिया झाल्या असत्या. डाळमिल, प्लास्टिकच्या चटया आणि पाइप यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या वेशीवर एवढी भूल साठून राहिली होती, आणि गावाला तिचा वास आला नव्हता. अफूच्या काळात खान्देश ही एक वाट होती. गांजाने तेथे शेत धरले. २०१३ साली कळले की कारखानाही आपल्याकडेच होता.

ही एकट्या जळगावची गोष्ट नाही, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत टनावारी एफेड्रीन सापडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे मेफेड्रोनचे कारखाने उघडकीस आले. महाराष्ट्राने औद्योगिक वसाहती तालुक्यातालुक्यांत नेल्या ते रास्तच झाले, परंतु रसायनाच्या भांड्यात काय शिजते हे बाहेरून ओळखण्याची विद्या तालुक्याला कोणी शिकविली नाही. आणि जुलै २०२५ मध्ये त्याच औट्रम घाटात, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, एका मोटारीत सुमारे चाळीस किलो अँफेटामाइन सापडले. वाटही अद्याप मोडलेली नाही.

अँफेटामाइनच्या कुळाने मनाचे काय होते, हे वैद्यकाने फार उशिरा मान्य केले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन, जपानी आणि दोस्तांच्याही फौजांना ही गोळी जागे राहण्यासाठी वाटली गेली. युद्ध संपल्यावर जपानमधील साठे बाजारात आले. १९५१ मध्ये तेथे कडक कायदा झाला, तरी १९५४ या एका वर्षात पन्नास हजारांहून अधिक लोक त्याखाली पकडले गेले. जपानी मनोविकारतज्ज्ञांनी तेव्हाच नोंदविले की काही रुग्णांचा संशयविकार औषध सुटल्यावरही महिनोन्‌महिने राहतो. बरा झालेला माणूस पुढे एखाद्या ताणाने, गोळीचा स्पर्शही न होता, पुन्हा त्याच भीतीत जातो. इंग्लंडमध्ये १९५८ साली फिलिप कॉनेल यांनी ४२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण असे की समोर बसलेला रुग्ण अँफेटामाइनने भ्रमिष्ट झाला आहे की त्याला मूळचाच स्किझोफ्रेनिया आहे, हे केवळ पाहून सांगता येत नाही. दोघांनाही आवाज ऐकू येतात, दोघांचाही पाठलाग होतो. फरक कळतो तो विचारल्यावर, लघवी तपासल्यावर आणि काही दिवस वाट पाहिल्यावर. पुन्हा कारणाचा रकानाच आला.

मेफेड्रोन हे याच कुळाचे. १९२९ मध्ये बनलेले, सत्तर-पंचाहत्तर वर्षे विस्मृतीत गेलेले, या शतकाच्या आरंभी पुन्हा उकरून काढलेले. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते कायद्याखाली आले. बाजारात त्याला 'एमडी' म्हणतात. ज्या गावात एमडी ही अक्षरे डॉक्टरांच्या पाटीवर वाचायची सवय आहे, तेथे मुलाच्या फोनवर ती दिसली तर बापाला अभिमान वाटण्याचीच शक्यता जास्त. या पुडीने हृदय धडधडते, रक्तदाब आणि शरीराचे तापमान चढते, भूक आणि झोप जाते; झोपेविना तीन-चार दिवस गेले की संशय येतो, कातडीखाली किडे वळवळल्याचा भास होतो, आणि उतरताना जी खिन्नता येते तिच्यात आत्महत्येचा विचार डोकावतो. पुडीत खरोखर मेफेड्रोन आहे की आणखी काही, हे घेणाऱ्याला माहीत नसते आणि विकणाऱ्यालाही बहुधा नसते. प्रत्येक जण याने भ्रमिष्ट होतोच असे नाही. कोणाचे मन कुठे मोडेल हे आधी सांगता येत नाही, एवढेच खरे.

तथापि धुळे-मालेगाव पट्ट्यात याहून स्वस्त आणि म्हणून याहून व्यापक असे एक संकट आहे, ज्याला वर्तमानपत्रांत कोटींचा आकडा मिळत नाही. त्याला तिकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात. ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम असते, म्हणजे चिंताविकारावर डॉक्टर देतात तीच साधी गोळी; सोबत कोडीनयुक्त खोकल्याचे औषध. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणात अँफेटामाइन कुळातील पदार्थ घेणारे ०.१८ टक्के आढळले, तर झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या घेणारे १.०८ टक्के, म्हणजे सहापट. ही गोळी भीती घालवते, आणि भीतीबरोबर भान. दारू किंवा कोडीनबरोबर घेतली तर झोपेतच श्वास थांबू शकतो. आणि दीर्घकाळ घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केली तर अपस्माराचे झटके येऊन जीव जाऊ शकतो. घरात कोंडून, 'चार दिवस तडफडेल आणि सुटेल' असा निश्चय करणाऱ्या कुटुंबांना हे शेवटचे वाक्य कोणीतरी सांगायला हवे. ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवीतच सोडवावी लागते.

आता भाषेकडे येऊ. मराठीत नशेचे शब्द विपुल आहेत: कैफ, धुंदी, झिंग, तार, गुंगी, अमल. यांतला 'अमल' सर्वांत अर्थपूर्ण. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कृती, कारभार. मराठीत त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदले: राज्याचा अमल आणि भांगेचा अमल. जे अंगावर चढते आणि हुकूम चालविते, ते दोन्हीकडे सारखेच. 'अमली पदार्थ' हा शब्द तेथून आला. पण पाहा, या साऱ्या शब्दांत नशा ही येते आणि उतरते. ती उतरल्यावर माणूस पूर्ववत होतो असे भाषा गृहीत धरते. संतांनी नामाच्या अमलाची प्रतिमा वापरली आणि रोमँटिक कवींनी धुंदीला प्रतिभेची सखी केले, ते याच गृहीतकावर. नशा उतरली तरी आजार उरतो, या अवस्थेला आमच्याकडे शब्द नाही. कायद्याच्या मराठी नावात 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' असा एक बोजड शब्दसमूह आहे. त्याला आम्ही वर्गात बरेचदा हसलो आहोत. परंतु 'अमली'पेक्षा तो खरा आहे.

दुसरी अडचण आदर्श कथेची. व्यसन म्हटले की मराठी मनासमोर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे 'एकच प्याला' उभे राहते. सुधाकराची घसरण पाच अंकांत, पायरीपायरीने होते. अपमान, पहिला प्याला, मित्र, दारिद्र्य, पश्चात्ताप, सर्वनाश. प्रत्येक पायरीवर सावरण्याची संधी असते आणि ती गमावल्याचे दुःख प्रेक्षकाला होते. नाटक श्रेष्ठ आहे, पण त्याने एक कालमापन आपल्या मनात रुजविले: व्यसनाला वर्षे लागतात, ते तोंडाच्या वासावरून कळते, आणि ते चारित्र्याचे नाट्य असते. मेफेड्रोनला पाच अंक लागत नाहीत. पहिला अंक संपण्यापूर्वी, चांगले गुण मिळविणारा, निर्व्यसनी समजला जाणारा मुलगा इस्पितळात असू शकतो, आणि त्याच्या घरातल्यांना तो सुधाकरासारखा दिसत नाही म्हणून ते सांगतात, आमचा मुलगा तसा नाही. मराठी कादंबरीने गेल्या पंचवीस वर्षांत या अनुभवाकडे जवळजवळ पाठ फिरविली, असे आमचे मत आहे. खान्देशातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाचे मन 'कोसला'ने १९६३ मध्येच उलगडले होते. त्या वसतिगृहाच्या आजच्या खोलीत काय चालले आहे, हे आमच्या साहित्याला अजून दिसायचे आहे.

महाराष्ट्रातील चार जुनी शासकीय मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर येथे आहेत. खान्देशात एकही नाही. जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोहोचण्याआधी अनेक कुटुंबे भगताकडे जातात, किंवा अजिंठ्याचे डोंगर ओलांडून बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीच्या दर्ग्याला. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही; तेथे निदान रुग्णाला आत घेतात आणि घरच्यांना आरोपी करीत नाहीत. दवाखान्यात खरे सांगितले तर पोलीस येतील, ही भीती शिकलेल्या घरांतही तितकीच आहे. १९८५ च्या कायद्यात सेवनाला शिक्षा आहे, हे सर्वांना माहीत असते. त्याच कायद्यात ६४ अ हे कलमही आहे: थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचारासाठी आली आणि तिने तो उपचार पूर्ण केला, तर तिच्यावर खटला चालत नाही. वसतिगृहांच्या सूचनाफलकांवर आम्ही शिक्षेचे कलम अनेकदा वाचले आहे. ६४ अ अद्याप एकाही फलकावर पाहिलेले नाही.